दातांच्या सखोल तपासणीत डॉक्टर नेमके काय काय पाहतात?

दातांची सखोल तपासणी केवळ कीड शोधण्यापुरती नसते. सुरुवातीला डॉक्टर तुमचे आजार, चालू औषधे आणि ॲलर्जी यांची विचारणा करतात. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण हिरड्यांची स्थिती आणि पुढील उपचार त्यावर अवलंबून असतात. त्यानंतर जबड्याचा सांधा व मान चाचपून पाहतात, आणि जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, गालांची आतली बाजू व टाळू यांचे निरीक्षण करतात. माझ्या मते हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा ही कर्करोगाची सुरुवात असू शकते आणि ती बरेचदा दुखतही नाही. हिरड्यांसाठी खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून दात व हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर खोली सामान्य समजली जाते, तर 4 किंवा त्याहून अधिक खोली आणि रक्तस्राव आढळल्यास हिरड्यांच्या आजाराची शक्यता असते. दोन दातांमधली कीड व हाडाची झीज नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून गरजेनुसार एक्स-रे काढतात. गर्भवती असल्यास तशी कल्पना आधीच द्यावी.