बांटव्याचे अब्दुल सत्तार एधी आणि त्यांचे दोन हट्ट

संकटांवर मात करून समाजाला काही दिलेल्या मुस्लिम माणसांची उदाहरणं द्या, असं पुष्कळदा विचारलं जातं. अशा प्रश्नाला बहुतेकदा यादी मिळते. ती कलामांपासून सुरू होते आणि वाचून संपली तरी त्यातल्या एकाचंही नेमकं काम डोळ्यांसमोर येत नाही. बीड जिल्ह्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद दुष्काळातही गाई सांभाळत राहिले, त्यांना २०१९ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याबद्दल बीडच्याच कुणीतरी लिहावं. मी एकाच माणसावर लिहितो, कराचीत रुग्णवाहिका आणि बेवारसांसाठी केंद्रं चालवणाऱ्या अब्दुल सत्तार एधींवर. तो माणूस पाकिस्तानचा आहे, त्यामुळे काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. पडू देत.

अब्दुल सत्तार एधींचा जन्म १९२८ मध्ये सौराष्ट्रातल्या बांटवा गावी, मेमन या व्यापारी मुस्लिम जमातीतल्या कुटुंबात झाला. शाळेत जाताना आई रोज दोन पैसे द्यायची. एक स्वतःसाठी आणि दुसरा वर्गातल्या ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी. दुसरा पैसा दिला नाही तर घरी बोलणी बसत. मुलगा अकरा वर्षांचा असताना आईला अर्धांगवायू झाला, पुढे मनाचं संतुलनही गेलं. तिला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे सगळं या पोराने केलं. शिक्षण तिथेच राहिलं. एधींबद्दल वाचताना मी नेहमी इथे थांबतो. पुढे त्यांनी जे हजारो लोकांसाठी केलं, ते सगळं आधी एका बिछान्याशेजारी करून झालं होतं.

१९४७ मध्ये फाळणी झाली आणि कुटुंब कराचीला गेलं. तिथे त्यांनी फेरी करून किरकोळ माल विकला, मग कापडबाजारात दलाली केली. मेमन जमातीचा एक दवाखाना होता, तिथे ते मदतीला जाऊ लागले. दवाखाना फक्त मेमनांसाठीच चालतो हे लक्षात आल्यावर त्यांचं आपल्याच लोकांशी वाजलं. ते बाहेर पडले आणि मिठादर भागात एक छोटी जागा घेऊन १९५१ च्या सुमारास त्यांनी स्वतःचा दवाखाना उघडला. रात्री-अपरात्री कुणी आलं तर दार बंद दिसू नये म्हणून बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर झोपायचे. मदत करताना समोरच्याची जमात विचारायची नाही, हा त्यांचा पहिला हट्ट. त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

१९५७ मध्ये फ्लूची साथ आली. एधींनी तंबू ठोकले आणि फुकट औषधं दिली. ते काम बघून एका व्यापाऱ्याने वीस हजार रुपये दिले. त्यातून एक जुनी गाडी घेतली, ती स्वतःच चालवायची. हीच पहिली रुग्णवाहिका. पुढे ताफा दीड हजारांच्या पुढे गेला आणि ११५ हा त्यांचा नंबर कराचीत पोरासोरांनाही पाठ झाला. नाल्यातून, समुद्रातून निघालेले कुजलेले बेवारस मृतदेह ते स्वतःच्या हाताने धूत, कफन घालत, पुरत. नातेवाईकही नाकाला रुमाल लावून लांब उभे राहतील असं हे काम. दानशूर पुष्कळ सापडतात, पण हे करणारे सहसा सापडत नाहीत.

त्यांच्या केंद्रात नर्सिंग शिकायला आलेल्या बिल्किस यांच्याशी १९६० च्या दशकात एधींचं लग्न झालं. माझ्या मते अर्धं श्रेय या बाईंचं आहे आणि लेखांमध्ये ते मिळत नाही. १९८६ चा मॅगसेसे पुरस्कार मात्र दोघांना मिळून दिला गेला, ते योग्यच झालं. केंद्रांच्या दाराशी पाळणे टांगलेले असत. नको असलेलं मूल मारू नका, इथे ठेवून जा, कुणी काही विचारणार नाही. ही सगळी व्यवस्था मुख्यतः बिल्किस बघत. अशी हजारो मुलं वाचली, कित्येकांच्या कागदांवर वडील म्हणून एधींचं नाव लागलं. मौलवी खवळले, अनैतिक संबंधांना उत्तेजन मिळतं म्हणाले. पाळणे काढले गेले नाहीत.

दुसरा हट्ट पैशाचा. सरकारी पैसा घ्यायचा नाही, पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया यांनी पाठवलेला धनादेशसुद्धा परत केला. पैसे हवेत तेव्हा हा म्हातारा फूटपाथवर झोळी पसरून बसायचा आणि रिक्षावाले, भाजीवाले त्यात नोटा टाकून जायचे. स्वतःकडे कपड्यांचे दोन जोड, राहायला कार्यालयाला लागून छोट्या खोल्या. २०१४ मध्ये त्याच कार्यालयावर भरदिवसा बंदूकधाऱ्यांचा दरोडा पडला, लोकांनी ठेवायला दिलेलं सोनं आणि रोकड गेली. शहराला इतकी लाज वाटली की देणग्यांचा ओघ लागला.

हे दोन्ही हट्ट एकत्र दिसतात ते गीताच्या बाबतीत. ऐकू-बोलू न येणारी ही भारतीय मुलगी लहानपणी रेल्वेतून लाहोरला पोचली आणि शेवटी एधींकडे आली. ती हात जोडते, पाया पडते, यावरून बिल्किस यांना ती हिंदू असावी असं वाटलं. त्यांनीच तिचं नाव गीता ठेवलं आणि तिच्यासाठी देवांच्या तसबिरी आणून दिल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये बिल्किस स्वतः तिला दिल्लीला घेऊन आल्या. पंतप्रधान मोदींनी संस्थेला एक कोटी जाहीर केले. एधींनी आभार मानून ते नाकारले, कारण नियम पाकिस्तानी सरकारला लागू तसाच भारतीय सरकारलाही. गीताच्या घराचा शोध नंतर आपल्या मराठवाड्यात, परभणीपर्यंत येऊन पोचला.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर परदेशात उपचारांचा प्रस्ताव आला. तोही त्यांनी नाकारला, इथल्याच सरकारी रुग्णालयात बघा म्हणाले. ८ जुलै २०१६ रोजी ते गेले. डोळे दान केले होते, बाकी अवयव आजारामुळे कामाचे राहिले नव्हते. बिल्किस २०२२ मध्ये गेल्या.

आता मुलगा फैसल काम बघतो. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत आपल्याकडे ऑक्सिजनसाठी माणसं वणवण फिरत होती, तेव्हा त्याने मोदींना पत्र लिहिलं होतं: पन्नास रुग्णवाहिका आणि माणसं पाठवतो, डिझेल आणि जेवणाचं आमचं आम्ही बघू, फक्त येऊ द्या आणि कुठे जायचं ते सांगा.