साइटवर शून्य रिझल्ट, गूगलवर पहिल्या नंबरला

प्रश्न : एका शिक्षणसंस्थेच्या साइटवर वरच्या भिंगाच्या चौकोनात ‘भरलेली फी परत कशी मिळेल’ असं टाकलं, शून्य रिझल्ट. तेच गूगलवर टाकलं तर त्याच साइटचं पान पहिलं आलं! माझं काही चुकतंय का?

उत्तर : अजिबात नाही, आणि हे आधी सांगते कारण असं झालं की बरेच जण ‘इथे नाहीये वाटतं’ म्हणून साइटच सोडून देतात. दोन्हीकडे चौकोन सारखाच दिसतो ना, मग गूगलची सवय आपोआप तिकडेही जाते, अख्खं वाक्य टाकायचं, स्पेलिंग चुकलं तरी तो समजून घेईल. पण कित्येक साइट्सचा सर्च नुसता शब्दाला शब्द जुळवतो. पानावर असणार ‘शुल्क परतावा’ आणि तुम्ही टाकलं ‘फी परत’, मग जुळणार कसं? ह्रस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं तरी तेच. त्यात काही ठिकाणी टाकलेला प्रत्येक शब्द पानात असावाच लागतो, म्हणजे जितकं जास्त लिहाल तितकं कमी सापडतं, ‘कशी मिळेल’नेच घात केला असेल.

गूगल नुसतं पान वाचत नाही. दुसऱ्यांनी त्या पानाची लिंक देताना कोणते शब्द वापरले तेही बघतो, अगदी १९९८ पासून. त्यामुळे पानात ‘फी’ हा शब्द नसला तरी ते वर येऊ शकतं, मला तर ही फार सुंदर कल्पना वाटते.

पण म्हणून साइटचा सर्च टाकाऊ नाही हं. लॉगिनच्या आतलं गूगलला दिसत नाही, आज सकाळी टाकलेली नोटीस त्याच्याकडे पोचलेली असेलच असंही नाही, तिथे साइटचाच सर्च कामाचा.

तर तिथे एकच शब्द टाका, तोही ऑफिसात वापरतात तसला, नुसतं ‘परतावा’. नाहीच आलं तर गूगलमध्ये इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलन, मग स्पेस न देता त्या साइटचा पत्ता, आणि पुढे स्पेस देऊन तुमचे शब्द. मग गूगल फक्त त्याच साइटची पानं दाखवतो.