समुद्र नंतर, आधी पाण्याची टाकी बघा

पत्र : माझ्या नवऱ्याला मॉरिशसमध्ये, एबेनच्या एका कंपनीत तीन वर्षांची नोकरी मिळतेय. मुलगा सहा वर्षांचा आहे, मुलगी अडीच. मी पुण्यात अर्धवेळ अकाउंट्सचं काम करते. ह्यांचं म्हणणं, आयुष्यात एकदा तरी समुद्राकाठी राहू या. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आं-फ्लाकचं एक घर त्यांनी फोटोंवरून जवळजवळ ठरवूनच टाकलंय. सासूबाई म्हणतात, वादळाच्या बेटावर लहान लेकरं घेऊन कुठे निघालात? त्यांना थोडा दमाही आहे, त्यामुळे त्या आमच्याकडे राहायला येतील की नाही तेही कळत नाही. शाळा, आजारपण, मुलांचं मराठी, सगळ्याचीच धाकधूक आहे. जावं का?

उत्तर : ताई, जा. पण ते फोटोंतलं घर तेवढं आत्ता सोडून द्या.

मॉरिशसचं मुख्य बेट जेमतेम १८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या भागाहूनही लहान. त्यामुळे लांबून वाटतं, कुठेही राहिलं तरी सगळं हाताशीच. प्रत्यक्षात इतक्याशा बेटावर हवामानं दोन आहेत. मधलं पठार, म्हणजे क्युरपिप, वाकोआ, फिनिक्स, उंचावर आहे. तिथे धुकं, भुरभुर पाऊस आणि किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंश कमी तापमान. पश्चिम किनारा मात्र कोरडा आणि रणरणता. लोणावळा आणि पुणे एकमेकांना चिकटून ठेवले तर जसं होईल, तसं हे आहे. क्युरपिपला जुलैत स्वेटर लागतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि लहान मुलांचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. त्याच दिवशी फ्लिक-आं-फ्लाकला लख्ख ऊन असतं.

म्हणजे ह्यांचंच बरोबर, असं लगेच ठरवू नका. एबेन तिथून वीसेक किलोमीटर आहे आणि सकाळी सगळी नोकरदार मंडळी पठाराकडे निघतात. मुलाची शाळाही बहुतेक वरच असेल. सहा वर्षांच्या पोराला पहाटे उठवून रोज गाडीत कोंबायचं, आणि सुट्टीच्या दिवशी तो कंटाळून ‘समुद्रावर नको’ म्हणायचा, ही कथा बेटावरच्या पुष्कळ घरांत घडते. माझा कौल एबेनजवळच्या कात्र बोर्नला, नाहीतर मोकाला. कात्र बोर्न ना फार ओलं, ना फार तापलेलं. भाजीचा मोठा बाजार आहे, दवाखाने आहेत आणि मेट्रो एक्स्प्रेस गावातून जाते. राजधानी पोर्ट लुई ते क्युरपिप ही लाइन २०२२ मध्ये पूर्ण झाली, पुढच्या वर्षी एबेनलाही फाटा गेला. बांधली आपल्याच लार्सन अँड टुब्रोने. ह्यांना ऑफिसला गाडी लागली नाही, तर घरातली एकुलती एक गाडी दिवसभर तुमच्या हाताशी राहील. दोन लहान मुलांच्या आईला हे समुद्राच्या देखाव्यापेक्षा मोलाचं आहे. समुद्र कुठे पळून जात नाही, तो अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

घर बघायला ह्यांना एकट्यांना आधी पाठवा आणि शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाठवा. ते पाण्याच्या टंचाईचे दिवस. धरणं खाली जातात आणि नळाला काही भागांत ठरावीक तासच पाणी येतं. छपरावर टाकी आहे का, किती लिटरची, पंप आहे का आणि चालतो का, हे दलालाला न विचारता शेजाऱ्याला विचारायचं. दुसरा प्रश्न : जोराचा पाऊस झाला की अंगणात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? तिसरा, खिडक्यांना वादळासाठी झडपा आहेत का? हॉल केवढा आणि स्वयंपाकघराला ओटा कसा, हे त्यानंतर.

आता सासूबाईंची वादळं. त्यांची भीती खोटी नाही, फक्त जरा जुनी आहे. १९६० च्या कॅरोल वादळाने बेटावरची लाकडी-पत्र्याची घरं झोपवली, आणि त्यानंतर हा देश काँक्रीटच्या सपाट छपरांखाली राहायला गेला. आजचं पक्कं घर वाऱ्याला दाद देत नाही. जीव जातात ते बहुतेक पाण्याने. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत वादळ नव्हतंच, नुसता ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि ११ माणसं गेली. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळात त्याच शहराच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. म्हणून सखल भागातलं, ओढ्याकाठचं घर भाडं कितीही कमी असलं तरी घ्यायचं नाही. आणि पाऊस चढला की ह्यांनी ‘एवढी मीटिंग उरकून निघतो’ म्हणायचं नाही.

वादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. इशारे चढत्या क्रमाने देतात, वर्ग एक ते वर्ग चार. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याची शक्यता किती जवळ आली, त्यावर वर्ग ठरतो. पहिला वर्ग लागला की दुकानांतले पाव, मेणबत्त्या आणि डबाबंद मासे दुपारपर्यंत संपतात, तेव्हा तुमचा पोह्यांचा, चुरमुऱ्यांचा, दुधाच्या पावडरीचा डबा डिसेंबरातच भरलेला असू द्या. दुसऱ्या वर्गाला बादल्या, पिंपं, पातेली भरून ठेवायची, फोन चार्ज करायचे, कुंड्या आणि सायकली आत घ्यायच्या. पुढे दार लावून बसायचं. वीज जाईल, कदाचित दोन दिवस. वादळाचा डोळाच वरून गेला तर मध्येच सगळं शांत होतं, ऊनसुद्धा पडतं, आणि मुलं दाराकडे धावतात. तेव्हा कडी काढायची नाही. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो. बाकी मुलांना या दिवसांचं भय नसतं, शाळेला सुट्टी असते ना. खरा ताप असतो तो बंद घरात, पंख्याशिवाय, अडीच वर्षांच्या मुलीला रमवण्याचा. त्यासाठी नवीन रंगखडू लपवून ठेवा आणि वाऱ्याच्या दिवशीच बाहेर काढा.

समुद्राची भीती मात्र कोणी घातलेली दिसत नाही आणि ती थोडी हवी. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, आत उथळ निळं पाणी, म्हणून आईबाप निर्धास्त होतात. भिंतीला जिथे खिंडी आहेत तिथे ओढ जबरदस्त असते. दक्षिणेला ग्री-ग्रीला तर भिंतच नाही. तिथे फोटो काढावेत, पाण्यात पाय घालू नये. उथळ पाण्यात अर्चिन नावाचे काटेरी प्राणी असतात आणि क्वचित स्टोनफिश, ज्याला तिथले लोक लाफ म्हणतात. हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि पाठीच्या काट्यांत विष असतं. मुलांना रबरी तळाचे पाण्यातले बूट घातल्याशिवाय उतरवायचं नाही. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात धरायचा. पाणी आधी मोठ्याने स्वतःच्या हाताने तपासायचं, नाहीतर विषाच्या जोडीला पोळणं व्हायचं. आणि तसाच दवाखाना गाठायचा.

आजारपणाचं म्हणाल तर मलेरियाची काळजी नाही. डास मात्र आहेत. २००५-०६ मध्ये चिकनगुनियाने या भागातली बेटं हैराण केली होती, २०२५ मध्ये तो पुन्हा डोकावला, आणि डेंग्यू अधूनमधून असतोच. कुंड्यांखालच्या बशा आठवड्याला उपड्या करा. आपल्या पुण्यात हे करतोच म्हणता, पण करत नाही. सरकारी दवाखाने तिथल्या नागरिकांना मोफत आहेत. तुम्ही परदेशी, तेव्हा कंपनीचा विमा चौघांना लागू आहे का, खासगी क्लिनिकमध्ये आधी पैसे भरावे लागतात का आणि गंभीर प्रसंगी भारतात हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे सही करण्याआधी विचारा. मुलीच्या लसींची वही इंग्रजीत शिक्क्यासह करून घ्या.

शाळेचं गणित जरा नीट बसून सोडवा. तिथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि पहिलीत मूल पाच पूर्ण झालेलं असतं. तुमचा मुलगा पहिली-दुसरीच्या उंबरठ्यावर असेल. मी त्याला पहिलीत घालेन. वर्ष वाया जाईल म्हणून हळहळू नका. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही पहिलीपासून, वह्या-पुस्तकं इंग्रजीत, आणि मैदानावर सगळा कारभार क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत. पहिल्या सहामाहीत तो गप्प गप्प राहील, मग एक दिवस शेजारच्या पोराशी क्रेओलमध्ये भांडताना ऐकू येईल. सहाव्या वर्षी हे जमतं. मुलगा दहाचा असता तर मी सांगितलं असतं, इंटरनॅशनल शाळेची फी कंपनीकडून घ्या नाहीतर जाऊ नका, कारण सहावीच्या शेवटी देशभराची परीक्षा असते आणि चौथी-पाचवीत नव्याने फ्रेंच उचलायचं म्हणजे पोराचे हाल. तीन वर्षांनी परत यायचंच असेल तर मात्र गणिताचं एखादं आपलं पुस्तक घरी चालू ठेवा, आणि मार्च-एप्रिलचा घोळ होऊ नये म्हणून परतीचा महिना करारातच मागून घ्या.

मराठीबद्दल तुम्ही विचारलंत ते सगळ्यात शेवटी, आणि इथे तुम्हाला सगळ्यात सुखद धक्का बसेल. तिथल्या प्राथमिक शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्यासारखा मराठी हाही निवडायचा विषय आहे. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत तो वरपर्यंत शिकवतात. शाळा ठरवताना तिथे मराठीचे शिक्षक आहेत का, एवढं विचारायचं.

ही मराठी आली कोकणातून, १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, गेलेल्या लोकांबरोबर. ते उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. मुलांना एकदा तिथे न्या, पण पहिल्या महिन्यात नको, कंटाळतील. त्या लोकांच्या पाचव्या-सहाव्या पिढीतली माणसं आज तुमच्या शेजारी असतील. ती घरी क्रेओल बोलतात. आरत्या आणि भजनं त्यांना पाठ आहेत, कोकणातली जाखडी ते झाकरी म्हणून नाचतात, पण तुमच्याशी मराठीत गप्पा मारताना अडखळतील. इथे एक कळकळीची विनंती. त्यांचे उच्चार सुधारायला जाऊ नका. सदाशिव पेठेतून निघालेल्या माणसाला हे जड जातं, ठाऊक आहे. पण महाराष्ट्राने विचारपूस न करता त्यांनी हे टिकवलंय. आणि नुसतं बाहेरून आलेल्या मराठी कुटुंबांचा वेगळा कट्टा करून बसू नका. तीन वर्षांनी ते कुटुंबही जाईल आणि तुम्हीही.

गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. २०२५ मध्ये आपल्याकडे चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तिथली सुट्टी २८ ला. दीड दिवसाचा गणपती असेल तर सोय आपोआप झाली. आणि गुढीपाडव्याची रजा मागायला नको, तेलुगू लोकांच्या उगादीची सुट्टी त्याच दिवशी असते. फक्त ऋतू उलटे आहेत, हे स्वयंपाकघराला सांगून ठेवा. संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते, गुळाची पोळी कोणी दुसरी मागत नाही.

किराण्याची चिंता करू नका. तांदूळ, डाळी, कणीक सगळं मिळतं, बरंचसं आयात केलेलं म्हणून महाग. बाजारात कारल्याला मार्गोझ म्हणा, भेंडीला लालो, दोडक्याला पिपांगाय, शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरुम. शेवग्याची भाजी तिथे घरोघरी होते, ती शिकून घ्या.

आता तुमचं. पत्रात नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, सासूबाईंची काळजी आहे, तुमच्या अकाउंट्सला मात्र एक ओळ. एबेन म्हणजे परदेशी कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या ऑफिसांचं गाव. तुमच्यासारखीला काम मिळण्याजोगी जागा बेटावर असेल तर तीच. म्हणून ह्यांच्या ऑक्युपेशन परमिटवर, म्हणजे तिथे राहून काम करण्याच्या परवान्यावर, जोडीदाराला काम करता येतं का, कोणत्या अटीवर, हे कंपनीकडून लेखी घ्या, आणि हो म्हणण्याआधी घ्या. मुलीला प्री-प्रायमरीत घालेपर्यंतचे महिने घरात जातील, ते जाऊ देत. पण त्यापुढेही नवरा ऑफिसात, मुलगा शाळेत आणि तुम्ही फोनवर पुण्याशी, अशी तीन वर्षं बेटावर फार लांब वाटतात.

पाहुण्यांचाही नियम आधी करा. भारतीय पासपोर्टवर फिरायला यायला व्हिसा काढून यावं लागत नाही आणि मुंबईहून विमान साधारण सहा तासांत पोचतं, हे नातेवाइकांना तुमच्याआधी कळलेलं असेल. पहिले चार महिने कोणी नाही, असं सरळ सांगा. अपवाद फक्त सासूबाईंचा. पण जानेवारीत बोलवून त्यांना वादळ दाखवू नका. मे ते ऑक्टोबर हवा छान असते, तेव्हा बोलवा. दमा आहे म्हणजे क्युरपिपचं ओलं घर त्यांना सोसणार नाही. कात्र बोर्नला हरकत नाही, फक्त त्यांची खोली उन्हाच्या बाजूची ठेवा, आणि नेहमीचा इनहेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत द्या, सामानात नको.