पुढच्या वर्षीच्या ईदची सुट्टी आणि तिकिटं आत्ताच ठरवता येतील का?

येतील, फक्त अंदाजे तारखेच्या पुढेमागे एकेक दिवस मोकळा ठेवा. हिजरी, म्हणजे चंद्रावर चालणारं इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, म्हणून सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतात. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. खरी धांदल रमजान ईदची. २९व्या रोज्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्याच दिवशी ईद, नाहीतर ३० रोजे पूर्ण करून. त्या दोन दिवसांत परतीचं तिकीट काढूच नका. बकरी ईद त्या मानाने सोपी: ती जिलहिज या हिजरी महिन्याच्या १० तारखेला, त्यामुळे चंद्र दिसून महिना सुरू झाल्यावरही आठवडाभर हाताशी असतो. परदेशातल्या नातेवाइकांची ईद मात्र एखादा दिवस वेगळी असू शकते.