न्यूरोट्रान्समीटर शिकताय? सुरुवात स्नायूपासून करा

न्यूरोट्रान्समीटर म्हणजे चेतापेशींचे रासायनिक निरोपे. त्यातल्या डोपामाइन-सेरोटोनिनच्या मागे लगेच लागू नका, आधी ॲसिटिलकोलीन पक्कं करा. चेतातंतूच्या टोकाशी विद्युत संदेश पोचला की कॅल्शियम आत शिरतं, पुटिका (ॲसिटिलकोलीन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या) पेशीच्या पटलाला जुळतात आणि ॲसिटिलकोलीन चेतातंतू आणि स्नायूमधल्या फटीत सुटून स्नायूवरच्या ग्राहींना (रिसेप्टर) चिकटतं. स्नायू आकसतो. खरी गंमत पुढे आहे: ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) काही मिलिसेकंदांत त्याचे तुकडे पाडतं. फवारणीतलं ऑर्गॅनोफॉस्फेट हे कीटकनाशक नेमकं हेच विकर बंद पाडतं. मग ॲसिटिलकोलीन साचतं: लाळ, घाम, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या, स्नायूंची थरथर, शेवटी श्वास अडतो.

या विषबाधेवरचं औषध ॲट्रोपिन लाळ-घाम आवरतं, पण स्नायूंची थरथर नाही; ते फक्त मस्कॅरिनिक प्रकारचे ग्राही अडवतं आणि स्नायूंवरचे ग्राही निकोटिनिक प्रकारचे, मस्कॅरिनिक नव्हेत. तोंडी परीक्षेत गडबड होते ती इथेच. स्नायूंसाठी विकर पुन्हा चालू करणारं प्रॅलिडॉक्झिम देतात, तेही विकर कायमचं निकामी होण्याआधी.