आधी उलटा करून बघा

प्रश्न : मुलगी यंदा बी.सी.ए.ला लागली. ३५ हजारांच्या वर जाणं जमणार नाही. शोरूमवाला ३४ हजारांचा नवा लॅपटॉप देतोय : रायझेन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एक वर्ष वॉरंटी. भाऊजी म्हणतात, जुना थिंकपॅड टी४८० घे, २२ हजारांत १६ जीबीवाला मिळतो. आमचे हे म्हणतात, जुनी वस्तू म्हणजे दुसऱ्याची कटकट पैसे देऊन घरात आणायची. तीन वर्षं टिकायला हवा. कोणाचं ऐकू?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, ह्यांची धास्ती खरी आहे आणि भाऊजींचा हिशेबही खरा आहे. मी एकवीस वर्षं कराडात लॅपटॉप दुरुस्त करतोय. माझ्याकडे येतो तो आजारीच असतो, धडधाकट लॅपटॉप मला दिसतो कुठे? तेव्हा माझं बोलणं त्या बेताने घ्या.

शोरूममध्ये माणसं झाकण उघडून स्क्रीनचा रंग बघतात आणि चिकटवलेला स्टिकर वाचतात. मी लॅपटॉप उलटा करतो आणि विचारतो, रॅमला, म्हणजे चालू कामाच्या मेमरीला, स्लॉट (ती बदलायची खाच) आहे का? तुम्ही लिहिलेल्या ७५२०यूला नाहीच. तो प्रोसेसर ज्या जातीच्या रॅमवर चालतो, ती मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. ८ जीबी घेतलीत की शेवटपर्यंत ८ जीबी. त्यातलाही थोडा वाटा ग्राफिक्स खातं, आणि विंडोज ११ नुसतं चालू झालं तरी उरलेल्यातलं बरंच घेऊन बसतं. पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला एवढं पुरेल. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करताना मोबाइल अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ उघडलं की पोरगी रडकुंडीला येईल.

त्या नंबरचीही एक गंमत आहे. ७५२० मधला ७ म्हणजे २०२३ सालचं मॉडेल, ५ म्हणजे दर्जा. आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. तो २ आहे, म्हणजे झेन २, जी २०१९ साली आली. कंपनीने खोटं काही लिहिलेलं नाही, पण ‘रायझेन ५’ एवढंच वाचून माणूस फसतो. चिप टाकाऊ नाही हं. वीज कमी खाते, गरम कमी होते, आणि टी४८० पेक्षा वेगात किंचित पुढेच असेल. माझं भांडण त्या ८ जीबीशी आहे, आणि हिंजशी.

हिंज म्हणजे झाकणाची बिजागरी. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि माझ्या टेबलावर स्वस्तातले लॅपटॉप सगळ्यात जास्त येतात ते तिच्याच पायी. बिजागरी पोलादी असते, पण तिचे स्क्रू बसतात पितळेच्या बारक्या नटांत आणि ते नट दाबून बसवलेले असतात प्लास्टिकच्या खुंट्यांत. बिजागरी घट्ट असली, किंवा रोज झाकण एकाच कोपऱ्याला धरून उचललं, की सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो. एक दिवस ‘कट्’ होतं. मग बॉडी कोपऱ्यातून उकलते, डिस्प्लेची केबल ओढली जाते, स्क्रीनवर रेघा येतात. वॉरंटीत नेलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, हे फिजिकल डॅमेज आहे. मग माझ्याकडे येतात आणि मी एम-सीलने नट पुन्हा बसवतो. दिसायला घाणेरडं दिसतं, पण टिकतं. तर शोरूममध्ये झाकण मधोमध धरून सावकाश उघडा. झाकणाबरोबर खालचा भागही वर उचलला जात असेल किंवा बिजागरीजवळचं प्लास्टिक फुगत असेल, तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा. सेल्समनचं तोंड वाकडं झालं तर होऊ द्या.

आता टी४८०. हा २०१८चा, आणि मुळात ऑफिसातल्या रोजच्या राबत्यासाठी केलेला. रॅमचे दोन स्लॉट, एसएसडी, म्हणजे फायली साठवायची चिपवाली डिस्क, बदलता येते, पाठीमागची बॅटरी खटका सरकवला की हातात येते. कीबोर्डवर चहा सांडला तर पाणी खाली निघून जायला वाट आहे, आणि कीबोर्ड नवा लागला तरी अख्खी बॉडी खोलावी लागत नाही. पार्ट मिळतात आणि ते बसवणारा माणूस तालुक्याच्या गावीही भेटतो. मी ‘टिकाऊ’ म्हणतो ते याला. बिघडणार तर दोन्हीही, ताई. कुठला हजार-दोन हजारांत उभा राहतो, एवढाच फरक.

पण भाऊजी ‘इंटेलचा आय फाइव्ह प्रोसेसर आहे’ एवढ्यावर सौदा करत असतील तर थांबवा. टी४७० हा त्याचा थोरला भाऊ हुबेहूब तसाच दिसतो, त्यालाही आय फाइव्हचा स्टिकर असतो, पण प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा आणि दोनच कोअरचा, म्हणजे काम वाटून घेणारे भाग दोनच. विंडोज ११ ची अधिकृत परवानगी इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून असला माल सध्या बाजारात ढिगाने उतरतोय आणि स्वस्त वाटतोय. नंबर ८ ने सुरू व्हायला हवा : ८२५०यू किंवा ८३५०यू. यांना चार कोअर आहेत. स्क्रीनचंही तसंच. टी४८० मध्ये १३६६ बाय ७६८ ची फिकट स्क्रीनही यायची आणि फुल एचडी आयपीएस, म्हणजे जास्त स्पष्ट आणि बाजूनेही नीट दिसणारी स्क्रीनही. फुल एचडीच मागा. फिकट असेल तर बाजूने बघताना रंग बदलतात, लगेच कळतं.

बॅटरी मात्र थकलेली असणारच. विंडोज स्वतः बॅटरी रिपोर्ट काढून देतं, तो विक्रेत्याला तुमच्यासमोर काढायला सांगा. त्यात दोन आकडे बघायचे, मूळ क्षमता आणि आज भरते ती क्षमता. या मॉडेलला बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक मागे, तेव्हा दोन्हींचे आकडे बघा. आतली मूळ २४ वॅट-अवरची असते. ती १४-१५ वर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

शेवटच्या सापळ्यात मी स्वतः अडकलोय. एका व्यापाऱ्याकडून सहा लॅपटॉपचा लॉट उचलला. सगळे चालू, दिसायला चकाचक. घरी येऊन विंडोज नव्याने टाकलं, इंटरनेट जोडलं, तर दोन लॅपटॉप कुठल्याशा कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागू लागले. कंपनीने ते आपल्या यादीतून काढलेच नव्हते. व्यापाऱ्याने फोन उचलणं सोडलं. बायको म्हणाली, पोळपाट म्हणून देता का? तेव्हा पैसे द्यायच्या आधी दुकानातच लॅपटॉप रिसेट करायला लावा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि सुरुवातीचं सेटअप पूर्ण होईपर्यंत हलू नका. अर्धा-पाऊण तास जातो. बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरून बघा, पासवर्ड मागितला तर नको.

मी असतो तर तुमच्या लेकीला टी४८० घेतला असता, जीएसटीच्या बिलावर, सिरियल नंबर आणि निदान सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी लिहून घेऊन. उरलेल्यातले पाच हजार बॅटरी आणि चार्जरसाठी बाजूला ठेवले असते. ह्यांना नवाच हवा असेल तर नवाच घ्या, पण रॅमचा स्लॉट असलेला, मग तो साधा आय थ्री १२१५यू का असेना.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचा छोटा होमस्टे आहे. बुकिंग, ईमेल, हिशेब एवढंच काम. १५ हजारांत नवा लॅपटॉप मिळतोय : सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी. घरात २०१४चा आय थ्री लॅपटॉप पडून आहे, पण सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : नवा नको. ४ जीबी आणि ६४ जीबी ही विंडोज ११ची किमान अट आहे, म्हणजे काठावर पास. एखादं मोठं अपडेट आलं की जागा संपते, आणि ईएमएमसी, म्हणजे त्यातली साठवणीची चिप, बोर्डवरच असल्याने बदलून मोठी घालता येत नाही. तो प्रोसेसर २०१९चा, दोन कोअरचा. सेलेरॉन हे नावच इंटेलने २०२३ पासून नव्या लॅपटॉप चिपांवर लावणं बंद केलंय.

घरातला जुना बाहेर काढा. पाच मिनिटं लागतात ती हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी घाला, रॅम ८ करून घ्या आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका, कारण विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालणार नाही. बुकिंगचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, हिशेबाला लिब्रेऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर पुरतं. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत पोर्ट हिरवे पडतात, म्हणून पावसाळ्यात काम झालं की तो सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा आणि खोलला आहे तोवर आतलं गंजलेलं काही असेल तर साफ करून घ्या. काढलेली हार्ड डिस्क टाकू नका. दोन-तीनशे रुपयांच्या केसिंगमध्ये घातली, की खोल्यांच्या फोटोंच्या बॅकअपला चालते.