‘लादिनो’ म्हणजे संकरित नव्हे

प्रश्न असा आहे: मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालावरच्या एका मराठी लेखात ‘माया (तिथले मूळनिवासी) आणि संकरित लादिनो’ असे छापले आहे. हा प्रतिशब्द चालेल का? आणि माया आईबापांचा मुलगा लादिनो कसा ठरतो?

मुळीच चालणार नाही. संकरित कापूस असतो, संकरित गाय असते. माणसांना हे विशेषण लावूच नये, आणि इथे तर अर्थही चुकतो.

‘लादिनो’चे मूळ ‘लातिनुस’, म्हणजे लॅटिन. दोन स्वरांमधल्या ‘त’चा स्पॅनिशमध्ये ‘द’ झाला: ‘वीता’ची ‘वीदा’ (जीवन), तसा ‘लातिनुस’चा ‘लादिनो’. आपल्याकडे शौरसेनी प्राकृताने नेमके हेच केले, ‘गत’चे ‘गद’. महाराष्ट्री प्राकृत त्याही पुढे गेली आणि व्यंजनच गाळून ‘गअ’ म्हणू लागली. स्पेनमध्ये तिथली भाषा सफाईने बोलणारा मूर, म्हणजे तिथला अरबीभाषक मुसलमान, तो लादिनो. सोळाव्या शतकात अमेरिकेत स्पॅनिश बोलता येणारा मूळनिवासी तो ‘इंदिओ लादिनो’. शब्द जिभेचा आहे, रक्ताचा नाही. ग्वाटेमालात तो पुढे मूळनिवासी नसलेल्या जवळजवळ सगळ्यांनाच चिकटला. म्हणूनच तिथे ‘लादिनो होणे’ असे क्रियापदही आहे: गाव सुटते, घरातली किचे किंवा काक्चिकेल ही माया भाषा मागे पडते, बाई ‘कोर्ते’ हे गुंडाळायचे लुगडे सोडून पँट घालते. २०१८च्या जनगणनेत लोकांनी स्वतः सांगितलेली ओळख नोंदली गेली, तेव्हा सुमारे ५६ टक्के लादिनो आणि ४१.७ टक्के माया निघाले.

असाच दुसरा स्पॅनिश शब्द ‘मेस्तिसो’. त्याला कोश ‘मिश्रवंशीय’ म्हणतात आणि थांबतात. व्युत्पत्ती बरोबर आहे, संस्कृत ‘मिश्र’ त्याच मुळाचा. पण मेक्सिकोतल्या युकातानात हा अर्थ लावाल तर फसाल. तिथे ‘मेस्तिसा’ (मेस्तिसोचे स्त्रीलिंग) म्हणजे हिपील हा भरतकामाचा सैल झगा घालणारी, बहुधा मायाभाषक बाई. तिचा सणाचा पोशाख ‘तेर्नो’ तीन भागांचा: गळ्याभोवती भरतकामाचा खुबोन, त्याखाली हिपील, सर्वांत खाली फुस्तान हा परकर. नातीने फ्रॉक घातला की ती ‘कात्रीना’. आजी मेस्तिसा, नात कात्रीना, रक्त एकच! मिश्रवंशाचा सिद्धांत इथे कोसळतो, आणि कोशकारांना ते दिसू नये याचे नवल वाटते. आपल्या जुन्या कागदांनी युरोपियनांना ‘टोपीकर’ म्हटले ते याच नजरेने, पोशाखावरून. ‘मेस्तिसा’चे मराठी करायचेच असेल तर ‘हिपीलवाली’ करा. ‘लादिनो’ मात्र तसाच ठेवा.